मालकीणबाईंचा गाणारा कूलर

ये वं, अशी जवळ सरकून बस. दारात काय टेकलीस पाहुण्यासारखी? अन् आधी ते कानातले पांढरे बोंडं काढ बरं. मावशीकडे यायचं सहा महिन्यांनी, अन् आल्यावर कान बंद करून बसायचं, ही कुठली रीत? तुझं बेसा काही समुद्रापलीकडे नाही. मधे नुसतं नागपूर शहर आहे.

रागावत नाही मी. रागवायचं असतं तर परवा लग्नातच रागावले असते. पंगतीत तू तुझ्या नणंदेला सांगत होतीस अन् मी मागून कढी वाढत होते. सगळं ऐकलं. म्हणे, "आमच्या मावशीची घरमालकीण अर्धी येडी होती, कूलरमध्ये गाणी लावायची." अन् दोघी खिदळलात.

तर एक म्हणजे, अर्धी येडी म्हणू नकोस. म्हणायचं तर पूर्ण म्हण. बाईंना अर्धं काही चालत नव्हतं. अर्धा कप चहा नाही, अर्धी पोळी नाही, अन् अर्धा आवाज तर मुळीच नाही. आणि कूलरमध्ये गाणी कशी गेली, ते तुला माहीत नाही. माहीत नसताना हसायचं नसतं. माहीत झाल्यावर पोट धरून हस, मीही हसते.

मी त्यांच्याकडे वरच्या दोन खोल्या पाहायला गेले तेव्हा माझ्याजवळ एक शिलाई मशीन होती अन् दोन पेट्या. घरमालक काय विचारतात ते मला पाठ होतं. कोण तुम्ही, गाव कुठलं, मटण शिजवता का, पाहुणे किती येतात. बाईंनी यातलं काही विचारलं नाही. "बसा," म्हणाल्या, अन् भिंतीवरचं बटण दाबलं. एक गाणं असं सुरू झालं की माझ्या चपलांखालची फरशी गुणगुणायला लागली. बाई माझ्या तोंडाकडे पाहत नव्हत्या. पायाकडे पाहत होत्या. गाणं संपलं तसं म्हणाल्या, "अंगठा हालला. सामान आना."

"अन् नसता हालला तर?" मी विचारलं.

"तं मंग पानी पाजून वाटे लावलं असतं. माझ्या घरात राहून कोनी माझ्यावर उपकार केल्यासारखं गाणं ऐकलं, ते मले नाही जमत."

उंचीनं बाई एवढ्याशा, माझ्या खांद्याला लागायच्या. केस पांढरे शुभ्र, अंबाडा असा घट्ट की डोळे तिरपे ओढल्यासारखे. पायात घरातसुद्धा रबरी चप्पल, अन् ती चटक चटक वाजवत चालायच्या. हळू चालणं, हळू बोलणं त्यांना माहीतच नव्हतं. म्हणायच्या, "हळू आवाजात मानूस दोनच गोष्टी करते. चोरी नाही तं चुगली. मी दोन्ही करत नाही." तुझ्यासारखे कानात बोळे घालणारे पाहिले की थांबवून विचारायच्या, "काहून रे बापा, ताटावर झाकन ठेवून जेवतोस का?"

पण हे सगळं साहेब गेल्यानंतरचं. साहेब म्हणजे त्यांचे यजमान. तो बाजा साहेबांचा. बाई त्याला बाजाच म्हणायच्या. एक जाडजूड डेक अन् कमरेइतके उंच दोन स्पीकर, काळ्या लाकडाचे, पुढून जाळीचे. साहेब संध्याकाळी ऑफिसातून यायचे, हातपाय धुवायचे, अन् त्याच्यापुढे खुर्ची टाकून बसायचे. आवाज दोनवर. आवाजाच्या फिरत्या खटक्यावर आकडे दहापर्यंत होते, पण साहेबांच्या लेखी तीनपासून पुढचे आकडे शोभेसाठी छापलेले. बाई स्वयंपाकघरात. त्यांनी हात लावायचा तो फक्त धूळ पुसायला, अन् वर झालरीचं कव्हर घालायला. ते कव्हरही त्यांनीच विणलेलं.

"मले गाणं कधी ऐकूच आलं नाही ना," त्या मला सांगायच्या. "रोटी लाटता लाटता मान वाकडी करून पाहायची, लाल दिवा लागला का. लागला म्हनजे गाणं चालू आहे. इतकी वर्सं मी दिवा ऐकला."

हे सांगताना आवाज ओलाबिला व्हायचा नाही हं. उलट चिडायच्या. फुकट गेलेल्या दुधावर बाई माणूस चिडते ना, तशा.

साहेबांची तेरवी झाली अन् दुसऱ्या दिवशी सगळे पाहुणे गेले. तेव्हाचं मी पाहिलेलं नाही, गल्लीनं सांगितलेलं आहे. बाईंनी ते झालरीचं कव्हर काढलं, मोरीच्या दाराशी पायपुसणं म्हणून टाकलं, अन् खटका दोनवरून दहावर नेला. समोरचे काका जेवत होते. त्यांना वाटलं, एकटी बाई आहे, चक्कर येऊन त्या यंत्रावरच पडली की काय. उष्ट्या हातानं धावत आले. बाईंनी दार उघडलं, हाताला कणीक.

"वहिनी, आवाज..." काका म्हणाले.

"हो ना," बाई म्हणाल्या, "येऊन राहिला ना तुमच्यापर्यंत बरोबर?"

तिथून गल्लीत कुजबुज सुरू झाली. विधवा बाई, अजून कपाळ सुकलं नाही, अन् लावण्या ऐकते. वर्ष तरी जाऊ द्यायचं. मी राहायला आल्यावर काकांनी बाईंना एकदा सभ्यपणे समजावलं. त्याच आठवड्यात गल्लीत वरात होती. डीजेची गाडी अशी की बाईंच्या खिडकीची तावदानं थरथरली, माझ्या मशीनवरची रिळं गडगडत पलंगाखाली गेली. बाई फाटकात उभ्या, पदर खोचून. काका नाचणाऱ्यांत होते. बाईंनी तिथूनच ओरडून विचारलं, "काकाजी, कान दुखून नाही राहिले ना आज?" काका थांबले. "गल्लीतल्या पोट्ट्यानं वाजवलं तं आनंद, देवाच्या नावानं वाजवलं तं भक्ती, अन् एका म्हातारीनं वाजवलं तं त्रास? लिहून काढा एकडाव, कोनी किती वाजवायचं ते. मंग मी पाहीन, पाळायचं का नाही."

काका नाचणाऱ्यांत मागे सरकले. पण काटोलला फोन मात्र गेला. कोणी केला, मला ठाऊक नाही, अन् बाईंनी कधी विचारलंही नाही.

काटोलला बाईंचे भासरे. भासरे म्हणजे साहेबांचे थोरले भाऊ. संत्र्याची बाग, मोठा वाडा, गावात शब्दाला वजन. मिशी अशी काळीभोर की केसांशी तिचं काही नातं नाही असं वाटावं. साहेब गेल्यापासून त्यांना भावाच्या घरादाराची फार काळजी. बाईंना मूलबाळ नाही. घर बाईंच्या नावानं होतं, त्यामुळे घराला हात लावता येईना. हात लागण्यासारखा होता तो बाजा. फोनवर म्हणाले, "भावाची वस्तू आहे, भावाच्या घरी राहील. भजनी मंडळाच्या कामी येईल. तुझ्या घरी ती शोभत नाही. रविवारी गाडी घेऊन येतो."

बाईंनी फोन ठेवला अन् मला हाक मारली, "ओ वरच्या बाई! खाली या!" मी गेले. बाई दिवाणावर बसलेल्या. पहिल्यांदा त्या मला लहान दिसल्या. बाजा बंद होता.

"आज बाजा नेतीन," म्हणाल्या, "उद्या म्हनतीन एकटी काहून राहतेस, परवा म्हनतीन काटोलले चाल, चुलीपाशी बस. मंग मी पुन्हा कोनाचा तरी दिवा ऐकत बसू का?"

"तुम्ही नाही म्हणा ना सरळ," मी म्हटलं.

"भासऱ्याले? मी आजवर त्याच्यासमोर खुर्चीवर नाही बसली बाई. पदर खाली नाही पडू दिला. तोंडातून निघनार नाही माझ्या. निघालं असतं तं साहेबासमोरच नसतं का निघालं?"

हे ऐक नीट. गल्लीभर आवाज करणारी ही बाई, पण त्या एका माणसासमोर 'नाही' म्हणायचं तर जीभ टाळूला. तुम्ही आजच्या मुली म्हणाल, त्यात काय. त्यातच सगळं आहे. पिढ्यान्‌पिढ्या बसवलेली सवय एका तेरवीनं जात नाही.

मग त्या उठल्या. "नाही म्हनता येत नाही, तं लपवता तं येते," म्हणाल्या.

चैत्र संपत आलेला. बैठकीच्या खिडकीत तो मोठा लोखंडी कूलर, आपल्याकडे असतो तसा, तोंड खोलीत अन् धड बाहेर आंगणात, स्टँडवर. त्याचा पंखा आदल्याच आठवड्यात जळला होता, मोटर दुरुस्तीला गेलेली. टाकी कोरडी. आत नुसती रिकामी लोखंडी पेटी, अन् तिन्ही बाजूंना खसच्या, वाळ्याच्या ताट्या. एक स्पीकर आम्ही दोघींनी मिळून त्यात उतरवला. खाली विटा ठेवल्या, तोंड खोलीकडे केलं, पुढची जाळी परत लावली. बाहेरून पाहिलं तर कूलरच. दुसरा स्पीकर गव्हाच्या रिकाम्या कोठीत. डेक दिवाणाखाली, रजईत गुंडाळून. वायर भिंतीच्या कडेनं नेली, वर चटई टाकली.

आता एवढं केल्यावर गप्प बसायचं ना? पण नाही. बाई म्हणाल्या, "वस्तू लपवली म्हनून मुकी काहून करायची? चालते का पाहू तं खरं." अन् डेकचा प्लग घातला कूलरच्याच बटणावर, कारण ते बटण दणकट. गाणं सुरू झालं. पोरी, तुला काय सांगू! त्या लोखंडाच्या पेटीत आवाजाला अशी काही खोली आली, अन् खसचा वास घेऊन बाहेर पडावा तसा तो खोलीभर पसरला. बाई डोळे मिटून उभ्या. "गाणं गार येऊन राहिलं," म्हणाल्या.

रविवारी सकाळपासून तेच चालू होतं. आवाज दहावर. भासरे संध्याकाळी येणार होते, पण भर दुपारीच फाटक वाजलं. बाईंनी झटक्यात भिंतीवरचं बटण बंद केलं, पदर डोक्यावर ओढला. खटका तिकडे रजईत दहावरच राहिला.

भासरे आत आले, मागून त्यांचा मुलगा. मुलगा म्हणजे काही लहान नाही, चांगला चाळिशीचा, पोट सुटलेला, स्वभावानं गरीब. वडिलांनी उठ म्हटलं की उठणारा. भासरे थेट दिवाणावर बसले. म्हणजे डेकच्या वर. मी बाईंकडे पाहिलं, बाईंनी छताकडे पाहिलं.

"कुठं आहे ते?" भासऱ्यांनी विचारलं.

"आहे ना," बाई पदराआडून म्हणाल्या. "आधी पन्हं घ्या, दादाजी. लय ऊन आहे."

अन् त्या पन्हं करायला आत गेल्या. मी दाराशी उभी. भासऱ्यांनी टोपी काढली, दिवाणावर ठेवली, उपरण्यानं मान पुसली. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुम्ही कोन?"

"वर राहते."

"मंग वर राहा ना."

मी हलले नाही. गुळगुळीत हसले.

आता काय झालं ते नीट ऐक, म्हणजे पुढच्या वेळी नणंदेला बरोबर सांगशील. नागपूरच्या उन्हातून आलेला माणूस खोलीत शिरला की त्याला दुसरं काही दिसत नाही, कूलर दिसतो. अन् बंद कूलर दिसला की तो लावायला घरमालकाची परवानगी कोणी घेत नाही. भासरे उठले, सवयीनं भिंतीवरचं बटण दाबलं, अन् कूलरच्या जाळीसमोर जाऊन सदऱ्याची वरची दोन बटणं उघडून उभे राहिले. डोळे मिटून.

काही झालं नाही.

त्या डेकची एक खोड होती. लाइट जाऊन आली की तो लगेच गात नसे. आधी जरा वेळ लाल दिवा मिचकावायचा, पेनड्राइव्ह वाचायचा, मग होतं तिथून गाणं पुढे न्यायचा. मला ते माहीत होतं. मी आतल्या दाराकडे पाहिलं, बाई येतात का.

"हवा काहून नाही येऊन राहिली?" भासरे म्हणाले. जाळीला हात लावून पाहिला. मग मुलाला म्हणाले, "ताट्या सुकल्या असतीन. जाय, बाहेरून पानी मार."

हेही आपल्याकडचंच. पंप चालत नसला की बाहेरून ताट्यांवर मग्गाभर पाणी फेकायचं, कूलर गार होतो. घराघरांत करतात. मुलगा बिचारा उठला. त्यानं मग्गा नाही घेतला, नळाखालची भरलेली बादलीच उचलली. वडिलांना गार वाटावं म्हणून.

इकडे भासरे जाळीला तोंड लावून उभे. हवेची वाट पाहत. अन् आली. हवा नाही, लावणी.

दहाच्या आवाजात, मिशीपासून वीतभर अंतरावर. ढोलकी अशी कडाडली की भासऱ्यांची टोपी दिवाणावरून खाली उडाली. मी खोटं सांगत नाही. दिवाणाखाली डेक धडधडत होता अन् टोपी वरून घरंगळली. त्यात गाणं कुठलं, तर त्यातली बाई एका म्हाताऱ्या शौकिनाच्या कलप लावलेल्या मिशीची चेष्टा करत होती. मी मेले. भासरे एक पाऊल मागे गेले, परत पुढे आले, कूलरवर थाप मारली. "कोन आहे आत?" ओरडले! खरंच ओरडले. अन् ती आतली उत्तर देते आहे, मिशीला धरून!

अन् तेवढ्यात मुलानं बाहेरून बादली मारली.

गाण्यानं गुळणी केली. शब्दच नाही दुसरा. तो ठसका, तो नखरा सगळा पाण्यात गेला अन् आतून घर्र घर्र घळघळ, जसं कोणी तोंडात पाणी घेऊन गातंय. ताट्यांतून पार झालेलं पाणी जाळीतून भासऱ्यांच्या तोंडावर आलं. अन् मिशीचा कलप, तो बहुतेक सकाळीच लावला असावा, दोन्ही बाजूंनी हनुवटीकडे निघाला.

मी धावत जाऊन बटण बंद केलं. अचानक शांत झालं. ताट्यांतून पाणी ठिपकत होतं तेवढंच.

बाई दाराशी उभ्या होत्या. हातात पन्ह्याचा ग्लास, त्यात चमचा. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आधी तो पांढरा पडला. त्यांनी कूलरकडे पाहिलं, त्यांना आतला भिजलेला स्पीकर दिसत होता, मला कळत होतं. मग भासऱ्यांकडे पाहिलं. त्या मिशीकडे.

"हे काय आहे?" भासरे गरजले. "लाज आहे का नाही? माझा भाऊ जाऊन वर्स नाही झालं, अन् त्याच्या घरात हे असं गाणं लावतेस?"

फाटकाशी गल्ली जमली होती. काका पुढे. सगळ्यांनी आवाज ऐकलेला.

बाईंच्या हातातला चमचा एकदा ग्लासावर वाजला. मग त्या आत आल्या, ग्लास टेबलावर ठेवला, साहेबांची खुर्ची ओढली, अन् भासऱ्यांसमोर बसल्या. खुर्चीवर. पदर डोक्यावरून घसरला, त्यांनी तो उचलला नाही.

"दादाजी," म्हणाल्या, "मी तं आत पन्ह्यात साखर हालवून राहिली होती. बटन कोनी दाबलं?"

भासऱ्यांचा हात सदऱ्याच्या उघड्या बटणांकडे गेला.

"काकाजी," बाईंनी फाटकाकडे पाहून विचारलं, "तुमाले आवाज आला ना? आला म्हनूनच आले तुम्ही. तं लिहून ठेवा, आजची लावणी काटोलच्या दादाजीनं लावली. माझ्या नावावर नका टाकू."

फाटकाशी कोणीतरी फिसकन हसलं. काकाच असावेत, कारण त्यांनी लगेच खोकला काढला.

भासऱ्यांनी मुलाला हाक मारली, "काढ ते बाहेर! गाडीत टाक!" मुलानं जाळी काढली, स्पीकर बाहेर ओढला. पाणी गळत होतं. पुढचा कागदी पडदा भिजलेल्या पापडासारखा लोंबत होता. त्यानं बोटानं दाबून पाहिला, बोट आत गेलं.

"बाबा, हे कामाचं नाही राहिलं," तो म्हणाला. "पडदाच गेला. भजनात काय वाजवाल हे? भंगारवाला बी नेनार नाही."

"मंग राहू दे इथंच," भासरे म्हणाले. उपरण्यानं मिशी पुसली, उपरणं काळं झालं.

"असं कसं," बाई म्हणाल्या. खुर्चीवरून हलल्या नाहीत. "भावाची वस्तू आहे. भावाच्या घरी राहील म्हटलं होतं तुम्ही. न्या ना."

"नको."

"मले ऐकू नाही आलं. फाटकातल्या लोकाइले बी नाही आलं."

"नको म्हटलं ना!" भासरे ओरडले. तेही दहावर.

"झालं," बाई म्हणाल्या. "पन्हं घ्या आता. गार आहे."

बघ, त्यांना स्वतःला नाही म्हणता येत नव्हतं. तर त्यांनी ते भासऱ्यांच्याच तोंडून वदवून घेतलं, चारचौघांत. पन्हं मात्र भासऱ्यांनी घेतलं. ऊनच तसं होतं. दोन ग्लास घेतलं.

ते गेले. त्या 'नको'त रजईतला डेक अन् कोठीतला दुसरा स्पीकरही वाचले. मी म्हटलं, आता बाई रडतील. त्या गुडघ्यावर बसून त्या स्पीकरला चाचपत होत्या. "बिघडला," म्हणाल्या, "म्हनून माझा राहिला. धड असता तं गेला असता." मग म्हणाल्या, "मी बी तशीच राहिली ना बाई माझ्या हाती."

दुसऱ्या दिवशी तो स्पीकर गच्चीवर. एका बाजूला माझ्या कुरडया, दुसऱ्या बाजूला त्यांचे सांडगे, अन् मधे काळी पेटी उताणी. बाई छत्री घेऊन राखणीला. कावळा आला की चप्पल दाखवायच्या. आपलं ऊन तुला माहीत आहे, माणसाचं रक्त वाळवतं, तिथं स्पीकरची काय कथा. वाळला तसा मी पडद्याला ब्लाउजच्या अस्तराचं गोल ठिगळ लावलं, मैद्याची खळ करून. शिवणकाम मी कोणाकडे शिकलेली नाही, पण ते ठिगळ असं बसलं की बाईंनी त्यावरून हात फिरवला अन् म्हणाल्या, "फिटिंग बरोबर आहे."

तो परत गायला लागला. खालच्या सुरांत थोडा कापायचा. "वय झालं त्याचं," बाई म्हणायच्या, "माझ्या आवाजाले आवाज जुळला." पंख्याची मोटर दुरुस्त होऊन आली, ती त्यांनी माळ्यावर टाकली. त्या उन्हाळ्यात अन् पुढच्या सगळ्या उन्हाळ्यांत बैठकीच्या कूलरनं हवा दिली नाही. आम्ही घामानं निथळत ऐकायचो. कोणी कुरकुरलं तर म्हणायच्या, "घाम आल्याबिगर गाणं पचत नाही." फोडणीसुद्धा त्यावर व्हायची. मोहरी तेलात टाकून हात वर धरून थांबायच्या, ढोलकी ठेका घ्यायची तिथं कढीपत्ता सोडायच्या. चर्रर्र! कधी मोहरी जळायची. त्यांना चालायचं. ठेका चुकलेला नाही चालायचा.

भासरे परत आले नाहीत. म्हणजे आले, बाई गेल्यावर. तेव्हा ते फार थकले होते, मिशी पांढरी. मुलगा आला होता सामान न्यायला. कपाट नेलं, दिवाण नेला, पितळेची भांडी नेली. कूलरसमोर थांबला. त्यानं जाळीतून डोकावलं, ठिगळ पाहिलं, अन् माझ्याकडे पाहून जरा हसला. "हे तं भिजेल आहे ना मावशी," म्हणाला. "राहू द्या तुमच्याकडे." त्याला कळलं होतं, बरं. पाणी त्यानंच मारलं होतं.

अन् समोरचे काका, महिनाभर झाल्यावर, फाटकात मला थांबवून म्हणाले, "दुपार फार लांबते आजकाल." एवढंच बोलले. मी त्या दिवशी खिडकी उघडली अन् खटका दहावर नेला. काकांनी बाहेर खुर्ची टाकली.

ते घर बाईंच्या भाचीनं विकलं, तिचंच होतं, बाईंनी तिच्या नावे केलेलं. मी इथं आले, या दोन खोल्यांत. टेम्पोत आधी तो कूलर चढवला, डेक अन् दुसऱ्या स्पीकरसकट, मग माझी मशीन. आता बघ, खिडकीत दोन कूलर आहेत, एक प्लॅस्टिकचा अन् एक लोखंडी. शेजारीण विचारते, "एवढ्याशा खोलीत दोन कूलर काहून?" मी सांगत नाही. तिनं एकदा बटण दाबलं की आपसूक कळेल.

तर आता तू निघशील, बसची वेळ झाली असेल तुझी. पण उन्हाळा लागला की ये वं, लवकर ये, सहा महिने नको लावू. त्या नणंदेलाही घेऊन ये, अन् ते कानातले बोंडं घरी ठेवून या दोघी. पन्हं करून ठेवते. ऊन लागलं असेल तर आल्याआल्या बटण दाबा, मला विचारायला थांबू नका. डावं दाबलं तर हवा येईल. उजवं दाबलं तर जरा दम धरा, बाईंना यायला थोडा वेळ लागतो.